पोर्ट ५३ आणि लक्षात ठेवलेली उत्तरे: डीएनएस आतून कसे चालते

नाशिकमधील अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कारखान्याने आपले संकेतस्थळ जुन्या सर्व्हरवरून नव्या सर्व्हरवर हलवले, की पुढचे एक-दोन दिवस ठरलेली तक्रार ऐकू येते: कारखान्यात नवे पान दिसते, मालकांच्या गंगापूर रोडच्या घरी अजून जुनेच दिसते आणि पुण्याच्या वितरकाला कधी हे दिसते, कधी ते. अशा वेळी "डीएनएस पसरायला चोवीस ते अठ्ठेचाळीस तास लागतात, थांबा" असे सांगून विषय मिटवला जातो. डीएनएस म्हणजे नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधून देणारी व्यवस्था, आणि हे उत्तर तिच्याविषयी ऐकणाऱ्याच्या मनात चुकीचे चित्र उभे करते. डोमेनची, म्हणजे संकेतस्थळाच्या नावाची, नोंद बदलली म्हणून कोणी जगभरच्या सर्व्हरांना निरोप धाडत नाही. ज्यांनी जुने उत्तर जपून ठेवले आहे त्यांच्याकडील त्या उत्तराची मुदत संपते आणि ते पुन्हा विचारायला येतात, एवढेच घडते. ती मुदत किती असावी हे डोमेनच्या मालकानेच आधी ठरवलेले असते, आणि बहुतेक मालकांना ते माहीतच नसते.

हे नीट समजायचे तर दोन गोष्टी पाहाव्या लागतात. नावाचा प्रश्न आणि त्याचे उत्तर नेमके कोणत्या पोर्टावरून ये-जा करतात, आणि मिळालेले उत्तर कोण, किती काळ लक्षात ठेवतो. या दोन गोष्टी वरवर वेगळ्या वाटतात. पण डीएनएसच्या इतिहासातील सर्वांत गंभीर दोष या दोहोंच्या सांध्यावरच सापडला होता.

इंटरनेटच्या पूर्वावतारात, म्हणजे अर्पानेटच्या काळात, सर्व संगणकांची नावे आणि पत्ते एकाच फाइलमध्ये लिहिलेले असत आणि ती फाइल अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत सांभाळली जाई. जाळे वाढले तशी ती पद्धत अपुरी पडली. १९८३ मध्ये संगणकशास्त्रज्ञ पॉल मॉकापेट्रिस यांनी नावांची जबाबदारी वाटून देणारी नवी रचना मांडली आणि १९८७ मध्ये तिचे सुधारित मानक प्रसिद्ध झाले, जे आजही पायाभूत मानले जाते. त्या रचनेत तीन पात्रे आहेत. आपल्या फोनमधील किंवा लॅपटॉपमधील छोटा क्लायंट फक्त प्रश्न विचारतो. रिझॉल्व्हर, जो बहुधा इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीकडे असतो, आपल्या वतीने शोध घेतो. आणि अधिकृत सर्व्हर, ज्याच्याकडे त्या डोमेनची मूळ नोंद असते, अंतिम उत्तर देतो. रिझॉल्व्हरला काहीच माहीत नसेल तर तो आधी रूट सर्व्हरला, म्हणजे नावांच्या उतरंडीतील सर्वांत वरच्या सर्व्हरला, विचारतो, रूट त्याला 'डॉट इन' सांभाळणाऱ्यांचा पत्ता देतो, ते त्या विशिष्ट डोमेनच्या अधिकृत सर्व्हरचा पत्ता देतात आणि तिथे शोध संपतो.

आता पोर्ट. एकाच आयपी पत्त्याच्या, म्हणजे जाळ्यावरील आकडी पत्त्याच्या, यंत्रावर एकाच वेळी अनेक कामे चालू असतात. आलेले पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा गठ्ठा, कोणत्या कामाचे, हे ओळखण्यासाठी ० ते ६५,५३५ पर्यंतचे क्रमांक असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. डीएनएसच्या बाबतीत सर्व्हरचा पोर्ट आणि विचारणाऱ्याचा पोर्ट यांचे स्वभाव वेगळे आहेत. सेतू कार्यालयात उत्पन्नाच्या दाखल्याची खिडकी कायम ठरलेली असते, पण अर्जदाराच्या हातातील टोकनचा क्रमांक त्या वेळेपुरताच असतो आणि दाखला त्या टोकनच्या क्रमांकाने पुकारूनच दिला जातो. पोर्ट ५३ ही ती ठरलेली खिडकी आहे. विचारणाऱ्याचा पोर्ट हे टोकन आहे. ही तात्पुरती टोकने बहुतेक वरच्या क्रमांकांतून निवडली जातात. मानकाने त्यासाठी ४९,१५२ ते ६५,५३५ हा पट्टा सुचवला आहे, तर लिनक्स मुळातच ३२,७६८ ते ६०,९९९ हा पट्टा वापरते.

कॉलेज रोडवरच्या एखाद्या कार्यालयात लॅपटॉपवर वायरशार्क हा जाळ्यावरची वाहतूक दाखवणारा प्रोग्रॅम उघडून डीएनएसची पॅकेटे पाहिली, तर हे अगदी स्पष्ट दिसते. पहिल्या ओळीत लॅपटॉपचा पत्ता आणि पोर्ट, समजा ५१,५१४, आणि समोर राउटरचा पत्ता व पोर्ट ५३. लगेच खालच्या ओळीत तेच आकडे उलटे: राउटरच्या ५३ वरून निघालेले उत्तर लॅपटॉपच्या ५१,५१४ वर आलेले. पुढचा प्रश्न मात्र ५१,५१४ वरून जाणार नाही. तो समजा ५८,०२३ वरून जाईल, आणि त्या पुढचा आणखी कुठल्या तरी क्रमांकावरून. प्रत्येक प्रश्नाच्या आत आणखी एक सोळा बिटांचा ओळख-क्रमांकही असतो, जो उत्तरात जसाच्या तसा परत यावा लागतो. पोर्ट आणि ओळख-क्रमांक हे दोन्ही जुळले, प्रश्न जुळला आणि उत्तर योग्य पत्त्यावरून आले, तरच ते स्वीकारले जाते.

येथे एक बाब ध्यानात घ्यावी लागते, कारण फायरवॉलचे, म्हणजे ये-जा करणाऱ्या वाहतुकीवर पहारा ठेवणाऱ्या यंत्रणेचे, नियम लिहिताना तिच्यावरच घोळ होतो. रिझॉल्व्हर एकाच वेळी सर्व्हरही असतो आणि क्लायंटही. कार्यालयातील यंत्रांसाठी तो ५३ वर कान लावून बसलेला असतो. पण उत्तर शोधण्यासाठी तो स्वतः बाहेर जातो तेव्हा त्याच्या हातातही एक तात्पुरते टोकनच असते आणि समोरच्याचा ५३ असतो. सातपूरच्या एखाद्या कारखान्यात स्वतःचा रिझॉल्व्हर बसवला आणि फायरवॉलमध्ये केवळ "५३ वरून ५३ वर जाणारी वाहतूक चालू" असा नियम लिहिला, तर सर्व प्रश्न अडकून पडतात. असे नियम अजूनही आढळतात त्याला जुने कारण आहे. बाइंड या प्रसिद्ध सर्व्हर-प्रोग्रॅमच्या जुन्या आवृत्त्या बाहेर विचारतानाही स्वतःचा ५३ हाच पोर्ट वापरत असत, आणि त्या काळातील नियमावल्या एका प्रशासकाकडून दुसऱ्याकडे जशाच्या तशा उतरत आल्या. योग्य नियम असा असतो: आतून कोणत्याही वरच्या पोर्टवरून बाहेरच्या ५३ वर जाऊ द्यावे, आणि त्या प्रश्नाला आलेले उत्तर, फायरवॉलने तो प्रश्न नोंदवून ठेवलेला असल्यामुळे, आपोआप आत येऊ द्यावे. बाहेरून ५३ वर येणारे नवे प्रश्न मात्र आपण अधिकृत सर्व्हर चालवत नसू तर बंदच ठेवावेत. उघडा राहिलेला रिझॉल्व्हर इतरांवर हल्ला करण्यासाठी हमखास वापरला जातो.

पोर्ट ५३ दोन्ही वाहतूक-पद्धतींवर आहे, यूडीपीवर आणि टीसीपीवर. नेहमीचा प्रश्न यूडीपीवरून जातो, कारण तिथे एक पॅकेट गेले आणि एक आले की काम संपते. टीसीपीला आधी जोडणी करण्यासाठी एक जास्तीची फेरी लागते. मूळ मानकात यूडीपीवरचे उत्तर ५१२ बाइटांपुरते मर्यादित होते. उत्तर त्यात मावत नसेल तर सर्व्हर "हे अपुरे आहे" अशी खूण लावून पाठवतो आणि विचारणारा तोच प्रश्न टीसीपीवरून पुन्हा विचारतो. १९९९ मध्ये आलेल्या एका विस्तारामुळे यूडीपीवरही मोठी उत्तरे मागता येऊ लागली. पण फार मोठे पॅकेट वाटेत तुकडे होऊन हरवते, म्हणून २०२० पासून १,२३२ बाइटांची मर्यादा ठेवावी असे सुचवले जाते.

तरीही "टीसीपीवरचा ५३ फक्त एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर सगळ्या नोंदींच्या मोठ्या नकला नेण्यासाठी असतो, सामान्यांना बंद ठेवला तरी चालतो" हा समज प्रशिक्षणवर्गांतूनही शिकवला जातो. तो चुकीचा आहे आणि तो सोडून द्यायला हवा. २०१० आणि २०१६ च्या मानकांनी टीसीपीची सोय आवश्यकच केली आहे. हा पोर्ट बंद असला की दोष फार फसवा दिसतो. बहुतेक संकेतस्थळे उघडतात, कारण त्यांची उत्तरे लहान असतात. ज्या डोमेनच्या नोंदी लांबलचक आहेत, उदाहरणार्थ ई-मेलच्या पडताळणीसाठी ज्यांनी मोठा मजकूर नोंदवलेला आहे किंवा ज्यांच्या उत्तरांना डिजिटल सह्या जोडलेल्या आहेत, तेवढीच अडतात. मग एकाच ग्राहकाची ई-मेल का पोहोचत नाही याचा शोध भलत्याच ठिकाणी सुरू होतो.

आता लक्षात ठेवलेल्या उत्तरांकडे, म्हणजे कॅशेकडे, वळू. प्रत्येक नोंदीबरोबर टीटीएल नावाचा एक आकडा येतो. हे उत्तर किती सेकंद वापरावे, हे तो सांगतो. रिझॉल्व्हर उत्तर साठवतो त्या क्षणापासून हा आकडा उतरू लागतो आणि शून्यावर आला की नोंद टाकून दिली जाते. डीएनएसला थेट प्रश्न विचारणारी 'डिग' ही आज्ञा ज्यांनी वापरली आहे त्यांना हे डोळ्यांनी पाहता येते. एखाद्या डोमेनचा पत्ता विचारला की उत्तराच्या ओळीत नावानंतर लगेच ३६०० असा आकडा दिसतो. आठ सेकंदांनी तीच आज्ञा पुन्हा दिली तर ३५९२ दिसतो. आपण जणू कोणाच्या तरी आठवणीचे आयुष्य मोजत असतो. तोच प्रश्न थेट अधिकृत सर्व्हरला विचारला तर दर वेळी पूर्ण ३६०० दिसतो, कारण तिथे आठवण नसते, मूळ नोंद असते. कधी कधी आकडा ३१००, मग ८७०, मग पुन्हा ३०९८ असा उड्या मारतो. याचा अर्थ रिझॉल्व्हरच्या एकाच पत्त्यामागे अनेक यंत्रे आहेत आणि प्रत्येकाची साठवण स्वतंत्र आहे. पुण्याच्या वितरकाला कधी नवे पान आणि कधी जुने दिसते ते बहुधा यामुळेच.

साठवण एका जागी नसते. ब्राउझर थोडा वेळ लक्षात ठेवतो, ऑपरेटिंग सिस्टीम ठेवते, घरातील राउटर ठेवतो आणि सेवा देणाऱ्या कंपनीचा रिझॉल्व्हर ठेवतो. अनेक राउटरांमध्ये असणाऱ्या डीएनएसमास्क या प्रोग्रॅमची मुळातली मर्यादा केवळ १५० नावांची आहे, त्यामुळे गजबजलेल्या कार्यालयात तिथली साठवण सतत बदलत राहते. चांगली बाब ही, की शिस्तीने वागणारा प्रत्येक थर खालच्या थराला उरलेलीच मुदत देतो, पूर्ण मुदत पुन्हा सुरू करत नाही. काही रिझॉल्व्हर मात्र फार लहान टीटीएल स्वतःहून वाढवतात, फार मोठे कापतात, आणि २०२० च्या एका मानकानुसार अधिकृत सर्व्हर गाठताच येत नसेल तर मुदत संपलेले उत्तरही तात्पुरते देऊ शकतात.

या साठवणीमुळे किती भार वाचतो याचा अंदाज नाशिककरांना चटकन यावा. २०२७ मध्ये सिंहस्थाच्या मुख्य स्नानांच्या दिवशी रामकुंडाच्या परिसरात आणि त्र्यंबकेश्वरात लाखो फोन एकाच वेळी वाहतूक, गर्दी आणि रेल्वे यांची माहिती देणारी मोजकीच नावे विचारत असतील. त्यातील एखाद्या नावाचा टीटीएल ३०० सेकंद असेल, तर एका मोबाइल कंपनीचा एक रिझॉल्व्हर ते नाव अधिकृत सर्व्हरला दिवसभरात फार तर २८८ वेळा विचारील, मग विचारणारे फोन हजार असोत की दहा लाख. बाकीची सगळी उत्तरे आठवणीतूनच दिली जातील. तोच टीटीएल कोणी "बदल लगेच दिसावेत" म्हणून ५ सेकंदांवर ठेवला तर हा आकडा १७,२८० वर जातो, आणि अधिकृत सर्व्हर काही क्षण जरी बंद पडला तरी सर्वांची अडचण होते. टीटीएल लहान ठेवणे म्हणजे दक्षता, असे मानणाऱ्यांनी ही दुसरी बाजू तोलून पाहावी. माझ्या मते स्थिर असलेल्या नोंदींना एक तास ते एक दिवस हीच मुदत रास्त आहे.

नकारही लक्षात ठेवला जातो, आणि हे फार थोड्यांना माहीत असते. "असे नाव नाही" हे उत्तरसुद्धा १९९८ च्या मानकानुसार साठवले जाते, आणि किती काळ साठवायचे हे त्या डोमेनच्या मुख्य नोंदीतील एका आकड्यावरून ठरते. द्राक्ष निर्यात करणाऱ्या पिंपळगावच्या एखाद्या कंपनीने ग्राहकांना नव्या उपनावाचा, म्हणजे आपल्या डोमेनखालच्या नव्या नावाचा, दुवा आधी पाठवला आणि नोंद अर्ध्या तासाने केली, तर ज्यांनी घाईने दुवा उघडला त्यांच्या रिझॉल्व्हरमध्ये नकार बसलेला असतो. नोंद झाल्यावरही तो मुदतीपर्यंत हलत नाही. म्हणून नोंद आधी आणि दुवा नंतर, हा क्रम पाळावा.

स्थलांतराची पद्धतही यातूनच निघते. नोंदीचा टीटीएल एक दिवस असेल तर बदलाच्या किमान एक दिवस आधी तो ३०० वर आणावा. हा आधीचा दिवस महत्त्वाचा आहे, कारण ज्यांनी काल उत्तर घेतले त्यांच्याकडे अजून जुना, लांब टीटीएल चालू असतो. तो दिवस सरला की पत्ता बदलावा. मग बहुतेक सर्व ग्राहक काही मिनिटांत नव्या सर्व्हरवर येतात. जुना सर्व्हर आणखी काही दिवस चालू ठेवावा आणि स्थिरस्थावर झाल्यावर टीटीएल पुन्हा वाढवावा. अधिकृत सर्व्हरच बदलायचे असतील तर मात्र आपल्या हातात सगळे नसते, कारण त्यांची नोंद वरच्या पातळीवरही असते. 'डॉट कॉम'मध्ये त्या नोंदींचा टीटीएल १,७२,८०० सेकंद, म्हणजे बरोबर अठ्ठेचाळीस तास असतो. सुरुवातीच्या त्या सरधोपट उत्तरातील अठ्ठेचाळीस तास येथे खरे ठरतात. साध्या पत्त्याच्या बदलाला ते लागू करण्याचे कारण नाही.

लक्षात ठेवण्याच्या या सवयीला एक धोका चिकटलेला आहे. रिझॉल्व्हरच्या साठवणीत एकदा खोटे उत्तर शिरले, की मुदत संपेपर्यंत तो हजारो ग्राहकांना ते प्रामाणिकपणे देत राहतो. बँकेचे नाव बरोबर टाकूनही माणूस भलत्याच सर्व्हरवर पोहोचू शकतो. असे खोटे उत्तर घुसवण्यासाठी हल्लेखोराला खऱ्या सर्व्हरच्या आधी, बरोबर ओळख-क्रमांकाचे बनावट पॅकेट पोहोचवावे लागते. ओळख-क्रमांक सोळा बिटांचा, म्हणजे शक्यता ६५,५३६. नेम चुकला तर खरे उत्तर साठवले जाते आणि टीटीएल संपेपर्यंत पुन्हा संधी नाही, असे सर्व जण धरून चालले होते.

२००८ मध्ये सुरक्षा-संशोधक डॅन कॅमिन्स्की यांनी ही समजूत मोडली. हल्लेखोराने रिझॉल्व्हरला त्या डोमेनमधील अस्तित्वात नसलेली नवनवी नावे विचारत राहायचे; प्रत्येक नाव नवे असल्याने ते साठवणीत नसते आणि रिझॉल्व्हरला दर वेळी बाहेर विचारावेच लागते. बनावट उत्तरात त्या फुटकळ नावाबरोबर "या संपूर्ण डोमेनचा अधिकृत सर्व्हर अमुक पत्त्यावर आहे" अशी खोटी माहिती घुसवायची. टीटीएलचा अडसर उरलाच नाही. प्रयत्न अखंड करता येऊ लागले. त्यातच तेव्हाचे कित्येक रिझॉल्व्हर बाहेर विचारताना सतत एकच पोर्ट वापरत, त्यामुळे टोकनचा क्रमांक हल्लेखोराला आधीच ठाऊक असे.

उपाय पोर्टातूनच आला. ८ जुलै २००८ रोजी अनेक कंपन्यांनी एकत्रितपणे दुरुस्त्या प्रसिद्ध केल्या, ज्यांनी प्रत्येक प्रश्नासाठी पोर्ट यदृच्छेने निवडायला सुरुवात केली. सुमारे ६४,००० पोर्ट आणि ६५,५३६ ओळख-क्रमांक यांचा गुणाकार चारशे कोटींच्या पुढे जातो, आणि तेवढ्यातून नेम लागणे व्यवहारात फार कठीण होते. गणितज्ञ आणि प्रोग्रॅमर डॅनियल बर्नस्टाइन यांनी आपल्या डीएनएस प्रोग्रॅममध्ये ही सावधगिरी त्याच्या कित्येक वर्षे आधीच घेतली होती. जुने नियम पाळून रिझॉल्व्हरचा बाहेर जाणारा पोर्ट ५३ वरच बांधून ठेवणारा प्रशासक हे संरक्षण स्वतःच्या हाताने काढून टाकतो. काही राउटर पॅकेटवरील आतला पत्ता बदलून बाहेरचा लावताना यदृच्छ पोर्टांच्या जागी ओळीने येणारे पोर्ट लावतात आणि तेही तितकेच घातक असते; म्हणून दुरुस्ती केल्यावर बाहेर पडणारे पॅकेट राउटरच्या पलीकडे तपासणे आवश्यक आहे.

हा उपाय अंदाज अवघड करतो, उत्तराची सत्यता सिद्ध करत नाही. २०२० मध्ये संशोधकांनी यंत्र कोणते पोर्ट वापरत आहे हे आडमार्गाने शोधून काढण्याची युक्ती दाखवली आणि ऑपरेटिंग सिस्टीममध्ये पुन्हा दुरुस्त्या कराव्या लागल्या. सत्यता सिद्ध होते ती डीएनएससेक या डीएनएसच्या सुरक्षा-विस्तारातील डिजिटल सह्यांनी. जुलै २०१० मध्ये रूटच्या नोंदींवर अशी सही झाली. आपल्या डोमेनवर सह्या लावणे आणि आपल्या रिझॉल्व्हरमध्ये त्या तपासणे, या दोन्ही गोष्टी आज फारशा खर्चाच्या राहिलेल्या नाहीत आणि त्या केल्या जाव्यात असे मला कळकळीने वाटते.

अलीकडे ५३ च्या जोडीला दोन पोर्ट आले आहेत. ५३ वरची वाहतूक उघडी असते. वाटेतील कोणीही आपण कोणते नाव विचारले ते वाचू शकतो. २०१६ पासून हीच विचारपूस टीएलएस या सांकेतिक आवरणाने झाकून पोर्ट ८५३ वरून करता येते, आणि २०१८ पासून नेहमीच्या संकेतस्थळांच्या पोर्ट ४४३ वरूनही. पहिली पद्धत फायरवॉलला ओळखता येते. दुसरी इतर वाहतुकीत मिसळून जाते. खासगीपणासाठी हे स्वागतार्ह आहे, पण ज्या कारखान्यात हजेरीचा किंवा साठ्याचा सर्व्हर आतल्या नावाने उघडतो, तिथे एखाद्याने ब्राउझरमध्ये बाहेरचा रिझॉल्व्हर सक्तीने ठरवून दिला असेल, तर आतले नाव बाहेर विचारले जाते, बाहेरून नकार येतो आणि तो नकारही साठवला जातो. अशा यंत्रावर केबल, राउटर किंवा सर्व्हर तपासण्याआधी ब्राउझरमधील सुरक्षित डीएनएसची मांडणी पाहावी, कार्यालयाच्या रिझॉल्व्हरवरच ८५३ किंवा ४४३ ची सोय करून ब्राउझरला तिकडे वळवावे, आणि त्यानंतर ब्राउझरची व ऑपरेटिंग सिस्टीमची साठवण रिकामी करून नाव पुन्हा विचारावे.